दुसऱ्या प्रहराची तोडी

निवांत रविवारची सुरुवात शुक्रवारी संध्याकाळी होते. भाकरीला ताजं पीठ लागतं आणि आमच्या भागातली पिठाची चक्की रविवारी बंद असते. ('गिरणी बंद' म्हणायचं मी टाळतो. १८७७ साली सुरू झालेल्या आणि पुढं बंद पडलेल्या जुन्या कापडगिरणीच्या भोंग्यावर ज्यांच्या घरातली घड्याळं लागायची, त्या सोलापुरात हे दोन शब्द अजून जपून वापरावे लागतात.) शुक्रवार चुकला तर शनिवारी जाता येतं, पण तेव्हा डब्यांची रांग असते. त्यातून गव्हाच्या मागे आपली ज्वारी लागली तर पहिल्या अर्ध्या किलोत गहू उतरतो. त्या पिठाची भाकरी थापायला सोपी जाते आणि खाताना चपातीच्या माहेरची लागते.

बेत तसा साधा. सकाळी सुशीला, साडेनवाला तोडी राग, दुपारी ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, दही. त्यावर आडवं होऊन दिवाळी अंक. उन्हं उतरल्यावर सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसून आत्मचिंतन. यातलं बाकी सगळं पुढंमागं ढकलता येतं, तोडीला मात्र वेळ आहे. दिवसाचा दुसरा प्रहर, म्हणजे साधारण नऊ ते बारा. बारानंतर तोडी लावली म्हणून कुणी चलन फाडत नाही, पण सारंग या दुपारच्या रागाच्या उन्हात तोडी ऐकणं म्हणजे लग्नाच्या मांडवात बारशाचा पाळणा म्हणणं. कानाला काही होत नाही, मनाला लागतं.

तर सुशीला. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे नाव सांगितलं की ते आधी स्वयंपाकघरात कोण आहे ते बघतात. पदार्थ चुरमुऱ्यांचा. चौघांना दोनशे ग्रॅम चुरमुरे पुरतात. पातेलं बघून 'एवढे?' असं वाटतं, पण पाणी लागलं की ते निम्म्यावर येतात. सगळी अक्कल क्रमात आहे. मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, शेंगदाणे, हिरवी मिरची, मग कांदा, मग हळद आणि मीठ. कांदा मऊ होईपर्यंत चुरमुऱ्यांना पाण्याचा थेंब दाखवायचा नाही. फोडणी तयार झाली की चुरमुरे चाळणीत घालून पाण्यात बुडवायचे, मनात दहापर्यंत मोजायचं, तळव्यांत दाबून पिळायचे आणि थेट कढईत. वर दोन चमचे पंढरपुरी डाळ्याचं पीठ, लिंबू, कोथिंबीर. दोन मिनिटं झाकण. संपलं.

बिघडतं ते दहा आकड्यांत. सात म्हणेपर्यंत फोन वाजतो. "काय करलालास बे?" असं विचारणारा माणूस उत्तराची वाट न बघता दहा मिनिटं बोलतो, आणि तोवर चाळणीत खळ तयार होते. उपाय आहे: घट्ट पिळून डाळ्याचं पीठ दोनाऐवजी चार चमचे घालायचं, ते पाणी ओढून घेतं. खाणाऱ्याला फरक कळतो, पण आयतं खाणारा रविवारी तक्रार करत नाही. निदान करू नये.

आता चटणी. इथं मी घाई करणार नाही, कारण शेंगाचटणीची सगळी वाट घाईनंच लागते.

पाव किलो शेंगदाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पंधरा मिनिटं भाजायचे. मोठ्या आचेवर सहा मिनिटांत सालं काळी होतात खरी, पण दाणा आतून कच्चा राहतो, आणि कच्चा दाणा तेल सोडत नाही. एक दाणा चिमटीत दाबून बघायचा: साल आपसूक सुटली, दोन डाळिंब्या वेगळ्या झाल्या आणि आतला रंग बिस्किटावर आला की उतरवायचे. सालं पाखडताना गॅलरीत जायचं, आणि त्याआधी खालच्या मजल्यावर काय वाळत घातलंय ते बघायचं.

खलबत्त्यात आधी पंधरा-वीस लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं आणि मीठ. यांचा लगदा झाला की दोन मोठे चमचे लाल तिखट. दाणे शेवटी, मूठमूठ करून, कोमट असतानाच. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. दाणा कोमट असला आणि घाव बसत राहिला की ते तेल बाहेर येतं, तिखटाला रंग चढतो आणि चटणी बत्त्याला धरू लागते. बाहेरून तेलाचा थेंब घालायचा नाही. तो घालावा लागला तर कुटण्यात कसूर झाली समजायचं. या प्रमाणाला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तयार चटणीची मूठ वळून उघडली तर गोळा टिकतो आणि तळव्याला लाल तेल राहतं.

मिक्सरवाले म्हणतात, आमचं दोन मिनिटांत होतं. होतं, पण काय होतं? पातं कुटत नाही, कापतं. सुरुवातीला भुगा होतो, त्यात तेल सुटलेलं नसतं, म्हणून माणूस बटण सोडत नाही. भांडं तापतं, तेल एकदम सुटतं आणि हातात लोणी येतं. पावाला लावा म्हणतात मग. मिक्सरच वापरायचा असेल तर एक-एक सेकंद फिरवून थांबायचं, मधे चमच्यानं तळ वर आणायचा आणि दाणे भरड असतानाच हात आवरायचा. एवढा संयम असलेला माणूस खलबत्ताच घेतो.

खलबत्त्याचा प्रश्न आवाजाचा. फ्लॅटमध्ये रविवारी सकाळी कुटायला बसलं की खालच्यांना भिंत पाडतायत असं वाटतं. ओट्यावर ठेवूच नये, ओटा सगळ्या इमारतीला निरोप पोचवतो. जमिनीवर जुनी सोलापुरी चादर आठपदरी करून, त्यावर टॉवेलची घडी आणि मग खलबत्ता. ज्या गावात चादर आणि टॉवेल दोन्ही भौगोलिक मानांकनाचे आहेत, त्या गावात त्यांचा हा उपयोग कुठल्याच अर्जात लिहिलेला नसणार.

दाणे अर्धे कुटून झाले की नळाला पाणी येतं.

हे योगायोगानं होत नाही. पाणी चार-पाच दिवसांआड येतं, वेळ ठरलेली नसते आणि अंदाज चुकवण्यात त्याचा हातखंडा असतो. गल्लीतून 'आलं, आलं' अशी हाक फिरते आणि आठवडाभर एकमेकांशी न बोलणारी घरंसुद्धा ती पुढं देतात. मग हाताला लागलेलं लाल तिखट तसंच ठेवून हौदाचं झाकण उघडायचं. पहिली पाच मिनिटं गढूळ येतं, ते हौदात जाऊ द्यायचं नाही. बादल्या भरून झाडांना. जुनं पाणी उपसलेली पिंपं नुसती विसळून भागत नाही, आतून काथ्यानं घासावी लागतात, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेला भिंतीवर चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी मरत नाहीत. पिणं, वापर, धुणं असे तीन वर्ग करून भरेपर्यंत साडेअकरा होतात. तोवर दाणे गार. गार दाण्यांना तेल काढायला दुप्पट घाव लागतात, किंवा तव्यावर पुन्हा दोन मिनिटं शेकावे लागतात. तोडीला अर्धा तास उरलेला असतो. तो चटणी घेते.

भाकरीबद्दल थोडक्यात, कारण ज्यांना येते त्यांना सांगायला नको आणि ज्यांना येत नाही त्यांना लिहून येणार नाही. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पाणी कढत घ्यायचं आणि एका भाकरीपुरतंच पीठ मळायचं, तेही तळव्याच्या टाचेनं तीन मिनिटं. थापून तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. लगेच ओला हात फिरवायचा आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. पाणी सुकू दिलं तर तडे जातात, फार ओली उलटली तर तव्याला धरते. इतकं करूनही कडा फाटत असतील तर पिठाची विरी गेलेली असते. त्यावर उपाय नाही, शुक्रवार गाठायला हवा होता. मालदांडी ज्वारीची ताजी भाकरी फुगली की तिच्या पापुद्र्यात चटणी भरायची, वर दही. पुढची पाच मिनिटं मी कुणाशी बोलत नाही.

कडक भाकरी हा आळशी माणसाचा मार्ग आहे आणि मला तो मान्य आहे. पातळ थापून, मंद आचेवर पापडासारखी वाळेपर्यंत भाजलेली. नीट झाकून ठेवली तर कित्येक दिवस टिकते. रविवारच्या दृष्टीनं तिच्यात एकच खोट. ती खाताना कवटीच्या आत जो आवाज होतो, त्यात तोडीचा जरा उतरता, अतिकोमल गंधार काय, शेजारचं लग्नसुद्धा ऐकू येणार नाही.

जेवून हात धुवेपर्यंत अडीच. भीमपलासाची वेळ झालेली असते. तोही वाईट राग नाही.

माझ्याकडे कॅसेट आहेत. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, म्हणजे एका बाजूला सुमारे ८६ मीटर. नव्वदच्या कॅसेटमध्ये तेवढ्याच डबीत जास्त फीत कोंबायची म्हणून ती पातळ केलेली असते, आणि पातळ फीत आधी गुंतते. सहा महिने न वाजवलेली कॅसेट एकदम लावू नये. आधी शेवटपर्यंत पुढं, मग मागं, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटला तर हेडवर तपकिरी भुकटी बसलेली असते. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हातानं पुसायचं. तेच रबरी रोलरला लावू नये, रबर कडक होतं. त्याला ओलसर फडकं पुरतं. सूर डुलत असेल तर आतला पट्टा सैल झालेला असतो. तेव्हा गायकाचा गंधार जरा खाली लागला की घराण्याची शिस्त म्हणून दाद द्यावी की पट्टा बदलावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि मे महिन्यात कॅसेट खिडकीत ठेवू नये. सोलापुरात पारा ४३-४४ अंशांवर जातो, काचेमागे त्याहून वर. डबी मधोमध बाक काढते, आतली चक्रं घासतात, आणि मग मशीन फीत खातं. अशा वेळी ओढायचं नाही. झाकण हळू उघडून फास सोडवायचा आणि पेन्सिलीनं फीत गुंडाळायची. पेन्सिल षटकोनीच हवी. कॅसेटच्या चक्राला सहा दात असतात, त्यांत ती बरोबर बसते. गोल पेन्सिल नुसती फिरते, सरकारी कामासारखी.

भीमपलासाचा आलाप सुरू असताना दिवाळी अंक उघडायचा. अंक मेमध्ये का, असं विचारणाऱ्यांनी दिवाळीत वाचून संपवणारा माणूस दाखवावा. शहाबादी फरशी पुसून घेतली की गार पडते, तिच्यावर चादरीची चौघडी. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, नक्षी तीच, रंग उलटे. त्यामुळे कुठल्याही कुशीवर झोपलं तरी गालावर डिझाइन उमटतं. पंखा पाचावर असला की पानं स्वतःच वाचत पुढं जातात, म्हणून बत्ता पानावर ठेवावा लागतो. तो धुतलेला असला तरी तेल सोडतो. तेलाचा डाग पडला की कागद आरपार दिसू लागतो आणि मागच्या पानावरची कविता पुढच्या कथेच्या संवादात शिरते. नवकथेत हे खपून जातं. तिसऱ्या पानावर डोळा लागतो. पाठीवर झोपून वाचत असाल तर अंक नाकावर पडतो, आणि दिवाळी अंक जाड असतात. कुशीवर वाचा.

उठेपर्यंत सहा वाजून गेलेले. तलाव राहतो, कारण सकाळचं हौदातलं पाणी वरच्या टाकीत चढवायचं असतं. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर, हजार लिटरची टाकी, अर्धा-पाऊण तास. सुरू करण्यापूर्वी प्रायमिंग, म्हणजे मोटरीत आणि पाइपात पाणी भरलेलं आहे ना, ते बघायचं. हौदातल्या पाइपाच्या तळच्या टोकाला असलेल्या फूट व्हॉल्व्हमध्ये रेतीचा खडा अडकला की पाइपातलं पाणी हौदात परत जातं, मोटर कोरडी फिरते आणि सील जळतं. वर पाणी पडल्याचा आवाज येईपर्यंत बटणापासून हलायचं नाही. आवाज आला की गच्चीवर जाऊन बसायचं.

आत्मचिंतन होतं ते इथं. टाकीला टेकून बसलं की आत पाणी चढताना आवाज बदलत जातो. सुरुवातीला खर्जात, मग वर वर. पश्चिमेला लाल झालेलं असतं, कुठल्या तरी गच्चीवर तेलुगूत कुणी कुणाला रागावत असतं, खाली कन्नडमध्ये भाजीचा भाव चालू असतो. माणूस आयुष्याकडे जरा लांबून बघू लागतो. आपण नक्की कशाच्या मागं धावलो, असा प्रश्न अर्धा तयार होतो.

"काका, टाकी वाहूलालीय की वो!"

बटण दोन मजले खाली असतं.

रात्री भांडी आवरल्यावर भिंतीवरचं घड्याळ साडेनऊ दाखवतं. त्याला काटे आहेत. सकाळ-रात्र त्याला कळत नाही. मी दार लावतो, तोडीची कॅसेट काढतो, पट्ट्यावर ताण नको म्हणून पेन्सिलीनंच ८६ मीटर फीत मागं घेतो आणि आवाज दोनावर ठेवतो. तानपुरा लागतो. पहिला रिषभ येतो न येतो तोच खालच्या मजल्यावर मिक्सर सुरू होतो. सोमवारच्या डब्याची चटणी असणार. आवाज सलग, एकदाही न थांबता.

लोणी निघणार त्याचं.