दंडाची आतली बाजू

आत्याने गेल्या रविवारी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर ठळक अक्षरांत 'पन्नाशीत पस्तिशीच्या दिसा', खाली सात-आठ ओळी, हात जोडलेल्या इमोजींची रांग आणि शेवटी एका पावडरीची लिंक. त्याच आठवड्यात माझ्या औषधाच्या दुकानात तिघींनी तोच मेसेज फोन पुढे करून दाखवला. एकीला त्यातली पावडर हवी होती, एकीला सनस्क्रीन परत करायचं होतं आणि तिसरीचा गाल लिंबाने भाजला होता. तेव्हा म्हटलं, आता एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: सुरकुत्या रक्तात साठलेल्या विषारी द्रव्यांनी पडतात, कोमट पाणी आणि लिंबू-मधाने ती धुऊन निघतात. सनस्क्रीन म्हणजे केमिकल, आपली आजी कुठे लावत होती? त्यापेक्षा लिंबू, खायचा सोडा आणि हळदीचा लेप लावा, चेहऱ्याचा योग करा, कोलेजन प्या. आणि चाळिशीनंतर जड काही उचलू नका, शरीर जपा.

आधी रक्ताचं बघू. खिडकीपाशी उजेडात उभ्या राहा आणि बाही वर करा. दंडाची आतली बाजू, काखेच्या जरा खालची, नीट बघा. मग त्याच हाताच्या पंजाची पाठ बघा. माझं वय ५२. माझ्या दंडाची आतली कातडी अजून मऊ आणि एका रंगाची आहे. पंजाच्या पाठीवर तपकिरी ठिपके आलेत, शिरा वर आल्यात, आणि चिमटीत धरून सोडली तर कातडी सावकाश खाली बसते. दोन्हीकडे रक्त एकच आणि वयही एकच. सकाळचं कोमट पाणीही दोन्हीकडे सारखंच पोचतं. सुरकुत्या रक्तातल्या घाणीने पडत असत्या तर त्या बाही कुठे संपते ते बघून पडल्या नसत्या. रक्त गाळायला मूत्रपिंड आणि यकृत आहेत, आणि ती दोघं लिंबू-मधाची वाट बघत बसत नाहीत. कोमट पाणी प्यायचं तर खुशाल प्या, कोठा साफ होतो.

फरक पडतो तो उन्हाने. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी वरच्या थरात अडकतात, त्यांनी कातडी भाजते. यूव्हीए खोलवर जातात, ढगांतून येतात, काचेतूनही येतात. त्वचेच्या आतल्या थरात कोलेजनचे दोर असतात, त्यांनी कातडीला ताठपणा येतो. हे किरण पोचले की पेशी ते दोर कापणारी एन्झाइम जास्त सोडू लागतात, आणि नवे दोर विणायचं काम मंदावतं. एका दिवसात काही दिसत नाही. वीस वर्षांत दिसतं.

याचा सगळ्यात बोलका फोटो २०१२ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ६९ वर्षांचा ट्रकचालक, २८ वर्षं गाडी चालवलेली. तिकडे चालक डाव्या बाजूला बसतो, म्हणून खिडकी डाव्या गालाशी. त्याचा उजवा गाल वयाला साजेसा आणि डावा गाल नांगरलेल्या रानासारखा. माणूस एक, चेहरे दोन. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे. पुढच्या वेळी एसटीत बसाल तेव्हा जुन्या ड्रायव्हरकाकांचा खिडकीवर टेकवलेला उजवा हात आणि गिअरवरचा डावा हात बघा.

अर्थात, सगळंच उन्हावर ढकलायचं नाही. दंडाची आतली कातडीसुद्धा विशीतली राहत नाही, ती हळूहळू पातळ होत जाते. मोठेपणी कोलेजन वर्षाला साधारण १ टक्क्याने कमी होतं असा अंदाज आहे, आणि बायकांच्या बाबतीत पाळी गेल्यावर पहिल्या पाचेक वर्षांत सुमारे ३० टक्के उतरतं. 'अगं, दोन वर्षांत एकदम वय दिसायला लागलं' असं काउंटरवर बायका सांगतात, तो त्यांचा भ्रम नसतो. तो भाग आपल्या हातात फारसा नाही. सिगारेट असेल तर ती सोडणं हातात आहे, कारण धूरही कोलेजन कापणारी तीच एन्झाइम वाढवतो. पण चेहरा, मान आणि पंजे यांवर जे आपण 'वय' म्हणून बघतो, त्यातला मोठा हिस्सा उन्हाचा.

आता आजी. हा मुद्दा मला सगळ्यात गोड वाटतो, कारण तो मांडणाऱ्यांनी आजीकडे नीट बघितलेलंच नसतं. माझी आजी रानात जाताना पदर डोक्यावरून ओढून कपाळापर्यंत आणायची, त्यावर टॉवेल. चोळीची बाही कोपरापर्यंत. पावसात इरलं. आजोबांना पटका. ही सगळी त्या काळची सनस्क्रीनच होती, आणि आजच्या ट्यूबपेक्षा भरवशाची, कारण दोन तासांनी पुन्हा लावावी लागत नव्हती. जिथे पदर पोचत नव्हता तिथलं काय? आजोबांच्या मानेची मागची बाजू आठवा. खोल, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची शंकरपाळी पाडल्यासारखी. त्या रेघा उन्हाने काढलेल्या. आम्ही मात्र पदर सोडला, बिनबाह्यांचे कपडे घातले, स्कूटर घेतली आणि वर म्हणतो की आजी काही लावत नव्हती.

सनस्क्रीनने खरंच म्हातारपण लांबतं का, हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि त्याला चांगलं उत्तर आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नॅम्बर गावात १९९२ ते १९९६ या काळात एक प्रयोग झाला. त्यातल्या पंचावन्नच्या आतल्या ९०३ जणांचं वय त्वचेवर कसं उमटतं ते तपासलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले: काहींनी रोज सनस्क्रीन लावायचं, बाकीच्यांनी मनाला येईल तेव्हा. सुरुवातीला आणि साडेचार वर्षांनी हाताच्या पाठीचे सिलिकॉनमध्ये ठसे घेतले आणि कातडीवरच्या रेघा तपासल्या. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले: रोज लावणाऱ्यांमध्ये त्वचेचं वय वाढणं २४ टक्क्यांनी कमी. शिवाय काहींना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्याही दिल्या होत्या, त्यांनी काही फरक पडला नाही.

ती गोरी माणसं होती, हे खरं. आपल्या कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त, त्यामुळे सुरकुत्या उशिरा येतात. पण आपलं वय आधी रंगात दिसतं: वांग, काळे डाग, ओठांभोवती काळपटपणा. वांगाला तर साधा दृश्य प्रकाशही चिथावतो, म्हणून त्यासाठी लोह ऑक्साइड असलेलं, रंगाची झाक असलेलं सनस्क्रीन जास्त उपयोगी. बाकीच्यांना एसपीएफ (यूव्हीबीपासून संरक्षणाचा आकडा) ३० पुरतं, ट्यूबवर पीए (यूव्हीएपासूनचं संरक्षण) आणि पुढे तीन-चार अधिकची चिन्हं बघून घ्या. दोन बोटांच्या लांबीइतकं, चेहऱ्याला आणि मानेला मिळून. बहुतेक जणी वाटाण्याएवढं लावतात आणि मग म्हणतात, उपयोग नाही. ड जीवनसत्त्वाची काळजी वाटत असेल तर रक्त तपासून घ्या; चेहरा झाकून पाय आणि पाठ उन्हाला द्यायला कोणी अडवलेलं नाही. आणि छत्री! छत्री फक्त पावसाळ्याची असं कोणी ठरवलं कोण जाणे.

लिंबाच्या लेपावर मला राग आहे, कारण तो मी डोळ्यांनी बघते. आपलं कागदी लिंबू भलतं आंबट, त्याच्या रसाचा पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) दोनच्या आसपास. त्वचेचा स्वतःचा पीएच पाचच्या जवळपास. त्यात सोडा कमी पडला तर आम्लाने सोलायचं, जास्त पडला तर अल्कलीने. पण खरी गोम पुढे आहे. लिंबाच्या सालीत आणि रसात सोरालेन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर राहिली आणि वर ऊन लागलं की तिथे भाजल्यासारखा चट्टा उठतो, कधी फोड येतात, आणि मागे राहतो तो काळा डाग, जायला महिने घेणारा. दुकानात आलेल्या त्या बाईंच्या गालावर तर ओघळाचा आकार उमटला होता: कानापासून हनुवटीपर्यंत, रस जसा वाहिला तसा. सकाळी लेप लावून त्या गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या होत्या. हळदीचं काही म्हणणं नाही, ती फार तर उशी पिवळी करेल.

चेहऱ्याच्या योगाबद्दल मी हसणार नाही. २०१८ साली अमेरिकेत त्यावर एक छोटा अभ्यास झाला. २७ बायकांनी सुरुवात केली, २० आठवड्यांनी १६ उरल्या. फोटो बघून डॉक्टरांनी अंदाजलेलं त्यांचं सरासरी वय ५०.८ वरून ४८.१ वर आलं, गाल जरा भरले. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि सुरुवातीला रोज अर्धा तास तोंडं वेडीवाकडी करायची होती. वेळ असेल तर करा.

कोलेजनची पावडर. लक्षात घ्या, ज्या मेसेजची सुरुवात 'केमिकल नको' अशी होते त्याचा शेवट डब्याच्या लिंकने होतो. खाल्लेलं कोलेजन पोटात अमिनो आम्लं आणि छोटे तुकडे होऊन फुटतं, डाळीतल्या प्रथिनासारखंच. तिथून ते थेट गालावर जाऊन बसत नाही. काही प्रयोगांत त्वचा थोडी ओलसर, थोडी लवचीक झाल्याचं दिसलं होतं. २०२५ मध्ये अशा २३ प्रयोगांचा एकत्रित आढावा निघाला. कंपन्यांचा पैसा नसलेले प्रयोग वेगळे काढले तर परिणाम दिसेनासा झाला. आणि एक गंमत: कोलेजन फक्त प्राण्यांत असतं. बाजारातली पावडर गुरांच्या कातड्याची-हाडांची, नाहीतर माशांची. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणारी एक बाई सकाळी दुधातून हे घेत होती. मी डब्याची मागची बाजू दाखवली, तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना. 'व्हेज कोलेजन' लिहिलेल्या डब्यात कोलेजन नसतंच. बहुतेक क जीवनसत्त्व आणि तत्सम असतं. शरीराला कोलेजन विणायला क जीवनसत्त्व लागतंच, पण त्यासाठी पेरू आहे, आवळा आहे, आणि दोन्हींना लिंक लागत नाही.

मेसेजमध्ये जे नाही ते सांगते. सुरकुत्यांवर भक्कम पुरावा असलेलं एक औषध आहे: ट्रेटिनॉइन. मुरुमांसाठी ते वापरणाऱ्यांची कातडी सुधारलेली दिसली आणि अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९८६ मध्ये उन्हाने खराब झालेल्या त्वचेवरचे निष्कर्ष मांडले. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं, रात्री, वाटाण्याएवढं. पहिले काही आठवडे कातडी सोलते, आणि दिवस असतील किंवा राहू द्यायचे असतील तर अजिबात नाही. पण 'ट्रेटिनॉइन द्या' म्हणत लोक मागतात ती भलतीच ट्यूब, त्यात ट्रेटिनॉइनबरोबर रंग उतरवणारं हायड्रोक्विनोन आणि स्टेरॉइड असतं. आठ दिवसांत चेहरा उजळतो म्हणून ती गावभर फिरते. सहा महिन्यांत कातडी पातळ, लाल, केसाळ होते, उन्हात गेलं की जळते, आणि ट्यूब सोडली तर आणखी भडकते. २०१८ मध्ये सरकारने लावायच्या स्टेरॉइडांना चिठ्ठी सक्तीची केली. तरी 'माझ्या जावेला न विचारता मिळाली' हे मला आठवड्यातून एकदा ऐकावं लागतं.

राहिलं ते जड न उचलण्याचं. खरं तर हाच मुद्दा सर्वांत आधी घ्यायला हवा होता, कारण म्हातारपण चेहऱ्याच्या आधी मांड्यांत येतं. तिशीनंतर स्नायू दर दहा वर्षांनी काही टक्के घटत जातात आणि साठीनंतर वेग वाढतो. १९९० साली बॉस्टनच्या संशोधकांनी एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या १० जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं, देखरेखीखाली, आठवड्यातून तीनदा. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. नंतर चार आठवडे बंद ठेवलं तर ३२ टक्के ताकद उतरली.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही. आत्याला फोन केला. म्हटलं, खुर्चीत बस, हात छातीशी घे, आणि कुठे न टेकता दहा वेळा उठून दाखव. तिने फोन स्पीकरवर टाकला. सहापर्यंत मोजलेलं ऐकू आलं, मग खुर्चीचा हात करकरला.

"टेकलास ना हात?"

"टेकला. थांब, परत पहिल्यापासून."