आधी माणसं बघा, मग फियाट घ्या

जुनी फियाट घ्यायचीये, काय काय बघू, असं विचारणारे मेसेज मला सतत येतात. मी सगळ्यांना एकच सांगतो, आधी आमच्या जुन्या फियाटवाल्यांच्या क्लबच्या रविवारच्या भेटीला या, चहा घ्या, दोन-चार बॉनेटमध्ये डोकं घाला, माणसं कशी आहेत ते बघा आणि मग गाडी शोधायला लागा. काहींना वाटतं मी टाळतोय, पण खरंच सांगतो, ही गाडी एकट्याने विकत घेता येते, एकट्याने चालू ठेवता येत नाही.

आमच्या क्लबात बहुतेक प्रीमियर पद्मिनी, म्हणजे फियाटच पुढे ज्या नावाने विकली गेली त्या, आहेत, काही त्याआधीच्या ११०० डिलाइट आणि एक डुक्कर फियाट, पुढची दारं उलटी उघडणारी, ती आली की लहान पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे तिच्याभोवती गोळा. कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. आता शोरूम नाही, सर्व्हिस सेंटर नाही, स्टिअरिंगवरच्या गिअरचं लिंकेज नीट बसवणारे मिस्त्रीसुद्धा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग मागच्या लाइटची काच कुणाच्या तरी माळ्यावर सापडते, वायपरची मोटर कुणीतरी कुर्ल्याच्या भंगार बाजारातून उचलून आणलेली असते आणि आपल्याला फोन करावाच लागतो. माझं ठाम मत आहे की मोठेपणी होणारी मैत्री अशी गरजेतूनच पक्की होते. नुसतं 'भेटूया रे एकदा' म्हणून कुणी भेटत नाही, पण पॉइंट आणि कंडेन्सर, म्हणजे ठिणगी पाडणारे छोटे पार्ट, हवे असले की माणूस रात्री दहाला पण दार वाजवतो, आणि दार वाजवलं की जेवूनच जातो.

मे महिन्यात साताऱ्याला चाललो होतो, खंबाटकी चढताना माझी गाडी आचके देत बंद. मला वाटलं इंजिन गेलं. मागून क्लबातले बँकेतून रिटायर झालेले एक काका येत होते, ते थांबले, बॉनेट उघडलं, स्वतःचा पंचा पाण्यात भिजवून, पिळून फ्युएल पंपाभोवती गुंडाळला आणि म्हणाले, "काही झालं नाहीये रे, उन्हाने पेट्रोलची वाफ झालीये, दहा मिनिटं बस सावलीत." बसलो, गप्पा मारल्या, गाडी चालू झाली, पंचा मात्र साताऱ्याला जाऊन परत येईपर्यंत पंपावरच. पुढे माझे वडील ॲडमिट होते तेव्हा हेच काका रोज सकाळी सहाला हॉस्पिटलमध्ये येऊन बसायचे, मी घरी जाऊन आंघोळ करून ऑफिस गाठावं म्हणून. मी बोलावलं नव्हतं हो. सख्ख्या नात्यातल्यांना जे सुचलं नाही ते त्यांना सुचलं.

आणि वयाचं काय घेऊन बसलात. आमच्यात एक चाचा आहेत, आयुष्यभर मुंबईत काळी-पिवळी चालवली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झालेली, म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही नाही. चाचांकडे आता गाडी नाही, तरी ते दर रविवारी येतात, नुसत्या आवाजावरून इंजिनाचं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारा भाग, सैल आहे की घट्ट ते सांगतात. त्यांच्याकडून शिकणारा पोरगा कॉलेजातून नुकताच बाहेर पडलाय, कोडिंग करतो, आणि चाचांच्या मुलीच्या लग्नाला तो थेट जौनपूरला जाऊन आला, चार दिवस तिथेच राहिला. ही दोन माणसं दुसऱ्या कुठल्या जागी एकमेकांशी बोलली असती सांगा?

म्हणूनच मला हल्लीचं ट्रॉफी आणि फोटोचं खूळ आवडत नाही. २०२१ ला नियम आला, पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून VA अक्षरांची वेगळी नंबरप्लेट, २० हजार रुपये फी. नियम चांगलाच आहे, पण आता भेटीला 'ही केवढ्याला द्याल' विचारणारे यायला लागलेत, आणि एकदा का रेट निघाला की लोक माळ्यावरची काच माळ्यावरच ठेवतात. भेटीत भावाची चर्चा नको हे मी क्लबात भांडून सांगतो आणि सांगत राहणार. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा खराब होतो म्हणून आता सगळे मिळून चांगल्या नळ्या मागवतोय, ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी बाकीचे वर्गणी काढतात, हा खरा क्लब.

तुमच्या सोसायटीत कुणाची फियाट कव्हरखाली वर्षानुवर्षं उभी असेल, वडिलांची असेल, काकांची असेल, तर भंगारवाल्याला बोलवायच्या आधी इथे कमेंटमध्ये एरिया लिहा. विकत घ्यायला येत नाहीये आम्ही, चालू करायला येतोय. बॅटरी आणि पेट्रोल आमचं.