मु. पो. कॅलेपासून वीस किलोमीटर

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात, पण विंचवाला ते बिऱ्हाड रात्री साडेबाराला अंधारात रिव्हर्स घ्यावं लागत नाही. मला लागलं.

तर झालं असं की आम्ही एक सेकंड हँड कॅरॅव्हॅन घेतली. इथे इंग्लंडात कॅरॅव्हॅन म्हणजे कारच्या मागे अडकवून ओढायची खोली, आणि जिला स्वतःचं इंजिन असतं ती मोटरहोम. हा फरक घेताना मला कुणीतरी समजावून सांगितला असणार, पण मी तेव्हा किमतीतला फरक बघत होतो. आमची सात मीटर लांब, दोन मीटर साठ उंच, चार जण झोपतील अशी सोय आणि आईच्या शब्दांत "संडास स्वयंपाकघराला चिकटून, शोभतं का हे". आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेली, तिचा फ्रान्ससाठी लागणारा शेंगेन व्हिसाही झाला, म्हणलं जुलैत लेकीला सुट्टी लागली की फ्रान्स करून येऊ.

प्लॅन चोख होता. इंग्लंडच्या डोव्हर बंदरातून दुपारी चारची फेरी बोट, दीड तासात फ्रान्सचं कॅले बंदर, घड्याळ एक तास पुढे करायचं, म्हणजे साडेसहाला जमिनीवर आणि सातला कँपसाईटवर चहा. दूध-तूप-मटण यातलं काहीच ब्रेक्झिटपासून इथून तिकडे न्यायला परवानगी नाही, त्यामुळे आईने कढवलेल्या तुपाची बरणी डोव्हरच्या रांगेतच पोळ्यांवर ओतून ओतून संपवली. तेवढा वेळ होता. फ्रेंच पासपोर्ट तपासणी डोव्हरलाच होते, तिथे गाड्यांची रांग मारुतीच्या शेपटासारखी, त्यात वारा सुटला, आणि चारची बोट निघाली साडेआठला. बोटीत गाड्यांच्या डेकवर प्रवासात कुणाला थांबू देत नाहीत आणि कॅरॅव्हॅनचा गॅस बंद करावा लागतो. आईने वर कँटीनमध्ये बसून मला चार वेळा विचारलं, "सिलिंडर बंद केलास ना रे?" चौथ्यांदा मलाच शंका आली.

कॅलेच्या बंदरातून बाहेर पडलो तेव्हा तिथले सव्वाअकरा वाजले होते. कँपसाईटचं गेट दहाला बंद. फोन केला तर एक बाई रेकॉर्डेड फ्रेंचमध्ये इतकं गोड बोलली की नाही म्हणतीये हे कळायलाच वेळ लागला. लेक शाळेत तीन वर्षं फ्रेंच शिकतीये, ती म्हणाली, "बाबा, सकाळी सातला या म्हणतायत." बायको काही बोलली नाही. तिचं काही न बोलणं हे तुपाच्या बरणीसारखं असतं, झाकण घट्ट पण वास येतोच. (फेरी उशिरा आली तर काय, हे तिने एप्रिलमध्ये विचारलं होतं.)

म्हणलं ठीके, हायवेच्या पार्किंगला झोपू, ट्रकवाले झोपतात की. पण इथल्या आमच्या ओळखीतल्या एका काकांनी निघतानाच डोक्यात भरवलेलं, की हायवेवर अजिबात थांबू नका, चोर खिडकीतून गुंगीचा गॅस सोडतात आणि सगळं साफ करून जातात. खरं तर ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने जाहीर सांगितलंय की असं होणं जवळजवळ अशक्य आहे, ईथरसारख्या गॅसचा वास इतका उग्र की झोपलेला माणूस खोकत उठेल आणि अख्खी गाडी भरायची तर ट्रकभर माल लागेल. हे मी आईला नीट समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण खिडकी लावूनच घे."

मग सुरू झाली वणवण. फ्रान्समध्ये गावोगावी मोटरहोमवाल्यांसाठी रात्रीपुरत्या जागा असतात, त्यांना एर म्हणतात, पहिला तिथे गेलो. समुद्राकाठी पांढऱ्याशुभ्र मोटरहोम ओळीने झोपलेल्या, एक जागा रिकामी, आणि तिच्यापुढेच पाटी. पाटीवर आमच्या कॅरॅव्हॅनचं हुबेहूब चित्र, अगदी खिडकीसकट, आणि त्यावर लाल काट. म्हणजे इंजिन असलेल्याला मुक्काम, ओढून आणलेल्याला नाही. मग एका सुपरमार्केटच्या पार्किंगला वळलो तर आत शिरायच्या तोंडाशी लोखंडी आडवा बार, उंची दोन मीटर. आम्ही दोन साठ. ते साठ सेंटिमीटर मला बारच्या तीन फूट अलीकडे दिसले, मागे अरुंद रस्ता आणि पुढे जायला जागा नाही.

कॅरॅव्हॅन रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ती डावीकडे जाते. हे डोक्याला माहिती असतं, हाताला नसतं. बायको मागे टॉर्च घेऊन उभी, आई खिडकीतून डोकं काढून एसटी कंडक्टरसारखी "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" आणि मी घामाघूम, कार एकीकडे, खोली दुसरीकडे, मधला कोन असा की कंपासपेटी आठवली. शेवटी हुक सोडून तिघांनी कॅरॅव्हॅन हाताने ढकलून फिरवली. फ्रान्सच्या एका सुपरमार्केटपुढे रात्री साडेबाराला आम्ही खोली ढकलत होतो आणि आई म्हणत होती, "वारीत बघ, लाखो माणसं चालतात, पण आजचा मुक्काम कुठं हे पोरालासुद्धा पाठ असतं."

तिथून पुढे अंधारात एक पाटी दिसली, त्यावर कॅरॅव्हॅनचंच चित्र, आणि यावेळी काट नव्हती! लेकीने मोबाईलच्या उजेडात वाचलं, "आकय म्हणजे स्वागत. झाँ द्यू व्हॉयाज म्हणजे... प्रवासातली माणसं. प्रवासातल्या माणसांचं स्वागत." म्हणलं मग आपण कोण आहोत? बॅरियर वरच होता. आत शिरलो. तीस-एक कॅरॅव्हॅन, आमच्यापेक्षा मोठ्या आणि चकचकीत, प्रत्येकीला पाणी-विजेची जोडणी, दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेले आणि कुत्री. मी एका रिकाम्या चौकोनात गाडी लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

काचेवर टकटक. चार पुरुष, एक म्हातारी. लेकीने धीर करून फ्रेंचमध्ये सांगितलं, फेरी उशिरा आली, कँपसाईट बंद, आम्ही प्रवासातली माणसं. त्यातला एक इतका हसला की त्याला कॅरॅव्हॅनला टेकून उभं राहावं लागलं. मग कळलं, झाँ द्यू व्हॉयाज हे फ्रान्समधल्या भटक्या समाजांचं सरकारी नाव आहे, 2000 सालच्या कायद्याने 5000 पेक्षा जास्त वस्तीच्या गावांना त्यांच्यासाठी अशी जागा करावी लागते, आणि आम्ही त्यांच्या वाड्यात न विचारता गाडी घातली होती. मी सॉरी सॉरी म्हणत किल्ली फिरवणार तोवर आई रिकामी बाटली घेऊन खाली उतरली आणि म्हातारीला सरळ मराठीत विचारलं, "बाई, पाणी कुठं मिळंल?"

म्हातारी थांबली. म्हणाली, "पानी?"

यांच्यातल्या बऱ्याच जणांची मूळ भाषा रोमानी, तिची मुळं आपल्याकडची, पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघालेले, हे मी कुठेतरी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि रात्री एकला नळापाशी दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या तोंडावर बोटं ठेवतायत हे बघणं वेगळं. नाकाला नाक. कानाला कान. मिठाला लोन. आई म्हणाली डोळा, तिने मान हलवली, "याख." आई माझ्याकडे वळून, "बघ, आंख म्हणतीये, हिला हिंदीपण येतं!" मग येक, दुई, त्रीन, श्तार, पांच. पाचाला दोघींनी टाळी दिली.

गॅसची भीती उरलीच नाही. आमच्या कॅरॅव्हॅनखाली म्हातारीचं काळं कुत्रं येऊन झोपलं, ते रात्रभर घोरत होतं, आणि खिडकी आईनेच उघडली, उकडतंय म्हणून.

सकाळी नऊला व्यवस्थापक वही घेऊन आला, आम्हाला बघून त्याने चष्मा पुसला. म्हातारी त्याला काहीतरी बोलली, मग त्याने वहीत आमची कारची नंबरप्लेट लिहून घेतली, थोडे युरो घेतले आणि पावती फाडली. बायकोने पावती घडी घालून पर्समध्ये ठेवली, पुढच्या एप्रिलसाठी असणार. मी कॅरॅव्हॅनचे टेकूचे पाय वर घेत होतो, तर आई बाहेर उभी राहून सांगलीला मावशीशी व्हिडिओ कॉलवर:

"अगं नाही, सोय छान झाली. आणि फ्रान्समध्ये मराठी चालतं गं, थोडं थोडं. फक्त डोळ्याला ते हिंदीत म्हणतात."