नूतन नगरसेवकास चार शब्द

निवडून आल्याबद्दल आपले मनःपूर्वक अभिनंदन. आपल्या हाती आलेले शहर पुढच्या पिढीला ओळखू येऊ नये अशी आपली मनीषा असेल, तर त्यासाठी बुलडोझर मागवण्याची मुळीच गरज नाही. बांधकाम नियमावलीतले दोन-तीन आकडे बदलले की काम भागते, आणि ती नियमावली सहसा कोणी वाचत नाही, ही आपल्या पदाची मोठीच सोय आहे.

आरंभ वाहनतळापासून करावा. प्रत्येक दुकानाला, दवाखान्याला आणि वाचनालयाला ठरावीक मोटारींपुरती जागा राखण्याची सक्ती करावी. येण्याजाण्याची वाट धरली, तर एका मोटारीला साधारण २५ ते ३० चौरस मीटर जागा लागते; म्हणजे पुस्तकांच्या कपाटांपेक्षा वाचकांच्या मोटारींना अधिक जमीन मिळते. (वाचनालयाचा याहून मोठा गौरव तो कोणता?) मग इमारती एकमेकींपासून दूर सरकतात, अंतर वाढल्यामुळे चालणे नकोसे होते, चालणे सुटल्यामुळे घरोघरी मोटार येते, आणि वाहनतळ अपुरे पडतात हे गाऱ्हाणे घेऊन लोक स्वतःच आपल्या दारी येतात. अमेरिकेतील बफेलो शहराने २०१७ साली ही सक्तीच काढून टाकली. असली उदाहरणे सभागृहात निघू देऊ नयेत.

तिजोरीत खडखडाट असेल, तर शिकागोकडे पाहावे. त्या महापालिकेने २००८ साली रस्त्यांवरचे पार्किंग मीटर १.१५ अब्ज डॉलरच्या मोबदल्यात ७५ वर्षांसाठी एका खासगी कंपनीला भाड्याने दिले, आणि एवढा मोठा प्रस्ताव नगरसेवकांपुढे आल्यानंतर अवघ्या काही दिवसांत मंजूर झाला. आता सायकलींसाठी मार्गिका आखायची किंवा एखादा रस्ता उत्सवासाठी बंद ठेवायचा, तरी त्यापायी बंद ठेवाव्या लागलेल्या मीटरची भरपाई त्या कंपनीला द्यावी लागते. अद्याप जन्मालाही न आलेल्या नगरसेवकांचे हात बांधून ठेवण्याची अशी संधी वारंवार येत नसते.

कामाचा उरक मात्र दाखवू नये. ब्राझीलमधील कुरितिबाचे महापौर जैमे लर्नर यांनी १९७२ साली शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू करून अवघ्या ७२ तासांत शहराचा मुख्य रस्ता पादचाऱ्यांच्या स्वाधीन केला, आणि विरोधात उभे राहिलेले व्यापारीच पुढे तो आणखी लांबवा म्हणू लागले. आपण समिती नेमावी.

विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना मात्र अगत्याने मागवाव्यात, कारण तसा कायदाच असतो. फक्त नकाशा एवढ्या बारीक प्रमाणात छापावा की त्यात आपले घर नेमके कोठे आहे, हे शोधता शोधताच नागरिकाची मुदत संपून जावी.