घोटा नक्की कधी मोडला?

भाच्याने वाढदिवसाला दिलेले पुस्तक मी एका हाताने घेतले आणि दुसरा हात तत्काळ मदतीला धाडावा लागला, तेव्हाच खरे तर मी सावध व्हायला हवे होते. ते अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचे चरित्र होते. मुखपृष्ठावर केसांचा तो प्रसिद्ध डेरा, उलटी धरलेली गिटार आणि डोळे मिटून आतल्या आत कुणाशी तरी बोलत असल्यासारखा चेहरा. "मामा, एका बैठकीत संपेल बघ," असे भाच्याने सांगितले. भाचा स्वतः गिटार वाजवतो. त्याची बैठक सहा तासांची असते आणि माझी विसाव्या मिनिटाला कंबरेपासून मोडते, हा फरक त्या क्षणी दोघांच्याही लक्षात आला नाही.

हेंड्रिक्स जगला अवघी सत्तावीस वर्षे. त्यातही तो जगाला ठाऊक झाला तो २४ सप्टेंबर १९६६ रोजी लंडनला उतरल्यानंतर, आणि त्याच शहरात १८ सप्टेंबर १९७० रोजी तो गेला. म्हणजे सारी कीर्ती चार वर्षांना सहा दिवस कमी इतक्या मुदतीत उरकलेली. एवढ्या आटोपशीर कारकिर्दीचे चरित्रही आटोपशीर असेल, असा माझा भाबडा हिशेब होता. परंतु चरित्रकारांचा न्याय निराळा असतो. नायक जितका अल्पायुषी, तितका त्याचा वंशवृक्ष घनदाट. नायक जन्माला येण्याआधीच मी त्याच्या आजीबरोबर एका फिरत्या नाटकमंडळीत शिरलो, तिच्याबरोबर व्हँकुव्हरला संसार थाटला आणि तिच्या मुलाला मोठा करून सिएटलला पाठवले. तोवर दोन आठवडे उलटले होते. "मामा, कुठवर आलास?" असे भाच्याने फोनवर विचारले, तेव्हा "अजून जन्मायचा आहे" एवढेच मला सांगता आले.

अखेर २७ नोव्हेंबर १९४२ रोजी तो जन्मला आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली. आईने त्याचे नाव जॉनी ॲलन ठेवले. वडील तेव्हा सैन्यात होते. ते परतल्यावर त्यांनी ते बदलून जेम्स मार्शल केले. घरचे त्याला बस्टर म्हणत. न्यूयॉर्कमध्ये तो जिमी जेम्स या नावाने वाजवू लागला आणि लंडनला येताना त्याच 'जिमी'चे इंग्रजी स्पेलिंग बदलून घेतले, जो बदल देवनागरीत लिहिणाऱ्याला दाखवताही येत नाही. दिवसभराचे काम करून रात्री दहा पाने वाचणाऱ्या माणसाची अवस्था यात काय होते, याचा चरित्रकाराने विचार करायला हवा होता. बराच काळ मी जॉनी आणि बस्टर हे दोघे भाऊ समजून वाचत होतो आणि त्यांपैकी जॉनी मध्येच कुठे गेला म्हणून हळहळतही होतो. पुढे गिटारचा आवाज वाढवणारे मार्शल नावाचे ॲम्प्लिफायर आले. ते बनवणाऱ्या गृहस्थाचे नाव जिम मार्शल, म्हणजे पुन्हा जेम्सच, हे वाचल्यावर मी पुस्तक मिटले आणि एका कागदावर तक्ता काढला. त्यात माणसे डावीकडे आणि यंत्रे उजवीकडे.

तरी बालपणाची ती पाने मात्र मी सावकाश, दोनदा वाचली. गिटार घेण्याची ऐपत नसल्यामुळे हा मुलगा झाडूच गिटारसारखा धरून तारा छेडल्याचा अभिनय करीत असे. पुढे वडिलांबरोबर कुणाच्या तरी घरची अडगळ उपसताना त्याला एक युकुलेली, म्हणजे गिटारसारखे छोटे तंतुवाद्य, सापडली. तिला तार एकच होती, आणि त्या एकाच तारेवर तो ऐकलेली गाणी शोधत बसे. पंधराव्या वर्षाच्या सुमारास पाच डॉलरची जुनी गिटार हाती आली. एका तारेपासून सहा तारांपर्यंतचा हा प्रवास चरित्रकाराने आठ पानांत आटपला आहे. त्याच चरित्रकाराने पुढे एका व्यवस्थापकाशी झालेल्या कराराला सव्वीस पाने दिली आहेत, आणि ती मी वाचली आहेत.

सैन्याचे प्रकरण आले तेव्हा मी प्रथमच नायकाशी एकरूप झालो. चोरीच्या मोटारीत दोनदा सापडल्यावर तुरुंगापेक्षा सैन्य बरे म्हणून १९६१ मध्ये तो भरती झाला आणि केंटकीतल्या फोर्ट कॅम्पबेल येथे छत्रीधारी सैनिक म्हणून विमानातून उड्या मारू लागला. जेमतेम वर्षभराने, १९६२ मध्ये, सैन्याने त्याला मोकळे केले. कारण विचारल्यास तो सांगे, सव्विसाव्या उडीत घोटा मोडला. कागदपत्रे मात्र सांगतात, की हा जवान कामावर असताना डोक्यात गिटारचाच विचार करतो आणि त्यामुळे त्याच्याकडून काम होत नाही, असे त्याच्या वरिष्ठाने लिहून दिले होते. हा शेरा मी कार्यालयात, टेबलाच्या खणात पुस्तक उघडे ठेवून वाचत होतो. समोर माझे वरिष्ठ उभे आहेत हे मला जरा उशिराच कळले.

या घोट्याने माझी झोप उडवली. चरित्रकार एका पानावर घोट्यावर विश्वास ठेवतो, पुढल्या पानावर शंका घेतो आणि तळटीपेत तिसऱ्याच कुणाची आठवण उद्धृत करून अंग काढून घेतो. तळटिपा वाचायच्या नाहीत असा नियम मी करून पाहिला, परंतु बारीक अक्षरात आपल्यापासून काहीतरी लपवले जात आहे, ही भावना माणसाला स्वस्थ बसू देत नाही. घरात जेवताना मी अचानक "पण मग लंगडत का नव्हता?" असे म्हणालो, तेव्हा सर्वांनी माझ्याकडे पाहिले आणि मग एकमेकांकडे.

लंडनच्या प्रकरणापासून पुस्तकाला वेग आला, आणि माझ्या लक्षात आले की थोर इतिहास बराचसा नाणे उडवून ठरलेला असतो. ढोलकरी कोण घ्यावा यावर एकमत होईना, म्हणून नाणे उडवले आणि मिच मिचेल आला. नोएल रेडिंग दुसऱ्याच एका वाद्यवृंदात गिटारवादक व्हायला आला होता. त्याच्या हाती बेस गिटार देण्यात आली आणि तो हेंड्रिक्सचा साथीदार होऊन बसला. १८ जून १९६७ रोजी कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या महोत्सवात हेंड्रिक्स आणि 'द हू' या वाद्यवृंदाचा गिटारवादक पीट टाउनशेंड या दोघांनाही दुसऱ्याच्या नंतर वाजवायचे नव्हते, पुन्हा नाणे. हेंड्रिक्स हरला आणि मागाहून आला, पण अखेरीस त्याने गिटारच पेटवून दिल्यामुळे आदल्याचे वादन लोकांच्या किती लक्षात राहिले असेल हा प्रश्नच आहे. त्या आगीचे वर्णन चरित्रकाराने इतके तब्येतीने केले आहे, की लायटरचे इंधन, काडी, ज्वाळा, गुडघ्यावर बसलेला वादक हे सारे डोळ्यांपुढे उभे राहते. दिसत नाही, किंबहुना येत नाही, तो फक्त आवाज.

हेच या छळाचे मर्म आहे. गिटारवादकाच्या चरित्रात गिटार ऐकू येत नाही. चरित्रकाराला ते ठाऊक असते, म्हणून तो विशेषणांनी भरपाई करतो: सूर विव्हळतो, किंचाळतो, वितळतो, आकाश फाडतो. चाळिसाव्या वेळी आकाश फाटल्यानंतर मी हेडफोन आणले. आता एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक पालथे घालायचे, ते गाणे शोधायचे, ऐकायचे, आणि मग कळायचे की लेखकाने ज्याला विव्हळणे म्हटले ते मला हसल्यासारखे वाटते. वुडस्टॉकचेच घ्या. महोत्सव रविवारी संपायचा तो लांबत गेला आणि १८ ऑगस्ट १९६९ च्या सोमवारी सकाळी, बहुतेक गर्दी घरी गेल्यानंतर, हेंड्रिक्स मंचावर आला. तिथे त्याने एकट्या गिटारवर अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवले आणि त्यातच बाँब, विमाने, आक्रोश असे सारे व्हिएतनामचे युद्ध आणून बसवले. वादन चार मिनिटांचेही नाही. त्यावरचे विवेचन वाचायला मला तीन रात्री लागल्या, आणि वादन ऐकल्यावर त्या विवेचनातला एकही शब्द आठवला नाही.

शिवाय यंत्रे आहेतच. कार्यक्रमात ध्वनिक्षेपक कुईं करून ओरडला की आपण कानांवर हात ठेवतो. कर्ण्यातून आलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि फिरून मोठा होऊन बाहेर पडतो, असा तो प्रकार. हेंड्रिक्सने त्याच चक्रात गिटारच्या तारा आणून सोडल्या आणि कुईंची शेती केली. ब्रिटिश नौदलासाठी ध्वनी आणि कंपने यांवर काम करणारा रॉजर मेयर नावाचा तरुण त्याला मूळ सुरावर वरच्या सप्तकातला सूर चढवणारी पेटी करून देई. हे मला समजले. समजली नाही ती उलटी गिटार.

हेंड्रिक्स डावखुरा, गिटार मात्र उजव्या हाताची. ती उलटी फिरवायची आणि तारा उलट्या क्रमाने पुन्हा चढवायच्या, म्हणजे जाड तार वरच राहते. परंतु खुंट्या खाली जातात, बटणे वर येतात, आणि तारांखालचे तिरके बसवलेले पिकअप, म्हणजे तारांचे कंपन टिपणारा भाग, उलट्या दिशेने तिरके होते, त्यामुळे जाड तारा अधिक खणखणीत व बारीक तारा किंचित मऊ वाजतात. हा परिच्छेद मी पाच वेळा वाचला. सहाव्या वेळी उठलो, फरशी पुसायचा लांब दांड्याचा मॉप घेतला आणि आरशासमोर उभा राहिलो. मॉप उजवा धरला की आरशातला मी डावखुरा दिसत होतो, मॉप फिरवला की आरशातला मी उजवा होत होतो, आणि खुंट्या कुठल्या बाजूला धराव्यात हे ठरवताना मॉपचे ओले टोक माझ्या कानाला लागत होते. सौभाग्यवती दारात कधीपासून उभ्या होत्या, कोण जाणे.

"अहो," त्या शांतपणे म्हणाल्या, "तो मुलगा झाडू सोडून गिटारकडे गेला. तुमचा प्रवास उलटा चाललाय."

शेवटची पाने मी एका रात्रीत वाचली. न्यूयॉर्कमध्ये त्याचा स्वतःचा स्टुडिओ २६ ऑगस्ट १९७० रोजी सुरू झाला होता, आणि त्यानंतर तेवीस दिवसांत तो गेला. त्या रात्रीबद्दलही साक्षीदारांचे जुळत नाही. तिथे मी तळटिपा वाचल्या नाहीत.

रविवारी भाचा आला. "संपलं एकदाचं," असे मी पुस्तक दोन्ही हातांनी परत करीत म्हणालो. आता वर्षभर वाचन बंद, असेही जाहीर केले. त्याने पिशवीतून आणखी एक पुस्तक काढले, पहिल्यापेक्षा बोटभर जाड. "मामा, हे दुसऱ्या लेखकाचं आहे. यात घोट्याचं वेगळंच दिलंय."

मी चष्मा चढवला आणि मागची सूची उघडली.