वर्गणी थकली म्हणून माती अडवू नका

प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) पाळक. आज जरा लांबलचक लिहितोय. पास्टरेट कमिटीवरच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या भावाबहिणींनी, खजिनदारांनी आणि माझ्या पाळक बंधूंनी सवडीनं वाचावं ही विनंती.

काही दिवसांपूर्वी जवळच्याच एका मंडळीतली म्हातारी प्रभूत निजली. मुलगा कबरस्तानाची परवानगी आणायला गेला, तर वही उघडली गेली. किती वर्षांची वर्गणी थकलीय ते त्याला वाचून दाखवलं. आधी बाकी भरा, पावती घ्या, मग खड्डा खणायला माणसं लावतो. मयत घरात, पाहुणे दारात आणि पोरगा गावभर उसने पैसे मागत फिरतोय. अंधार पडता पडता कशीबशी माती झाली. वचन वाचलं गेलं ते "पुनरुत्थान व जीवन मीच आहे".

त्या कमिटीतली माणसं वाईट नाहीत. नियम कागदावर आहे, त्यांनी तो पाळला. म्हणूनच मी माणसांबद्दल बोलत नाही, नियमाबद्दल बोलतोय. असा नियम कितीतरी मंडळ्यांत आहे. कुठे माती अडते, कुठे लग्नाची चिठ्ठी अडते, कुठे लेकराचा बाप्तिस्मा पुढे ढकलला जातो. माझं म्हणणं सरळ आहे: हा नियम ख्रिस्ताचा नाही आणि तो काढून टाकायला हवा.

आपल्या प्रभूची स्वतःची माती कुठे झाली हे आठवा. त्याच्याकडे कबरेपुरती जागा नव्हती. अरिमथाईकर योसेफानं स्वतःसाठी खडकात खोदून घेतलेली नवी कबर दिली. उसन्या कबरेत ठेवलेल्या त्या प्रभूच्या नावानं चाललेली मंडळी कबरेसाठी पावती मागते, हे मला सहन होत नाही.

आता खजिनदारांची बाजू. परदेशी मिशनचा पैसा कधीच आटला. देवळाचे पत्रे, लाइटबिल, कंपाउंडची भिंत, डायसिसला (बिशपांच्या वरच्या कार्यालयाला) द्यायचा वाटा, सगळं सभासदांच्या वर्गणीवर चालतं. माझा पगारसुद्धा त्यातूनच होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. "साहेब, सक्ती केली नाही तर कोणी देत नाही," असं जुने खजिनदार कळकळीनं सांगतात. त्यांची झोपमोड मी पाहिली आहे. दान मागू नये असं मी म्हणतच नाही. व्यासपीठावरून मागतो आणि मागत राहीन.

पण थकतं कोणाचं, हे वहीत बघा. आमच्या पाथर्डी-शेवगाव-जामखेडच्या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन साखर कारखान्यावर ऊस तोडायला जातात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, पोरं कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. परत येतात ती पाडव्याच्या आसपास. तोवर हंगामाचा सण होऊन गेलेला असतो, नाताळ झालेला असतो, वार्षिक सभा झालेली असते. आल्यावर हातात उरतं ते उचलीतून काय फिटलं आणि काय राहिलं याचं गणित. वहीत त्यांच्या नावापुढे सहा महिने मोकळे दिसतात. खजिनदाराला ती थकबाकी दिसते. पाळकाला ती भेटीची यादी दिसली पाहिजे.

नाताळच्या आठवड्यात आम्ही काहीजण उसाच्या फडावर जातो. दिवसभराची तोड संपून माणसं कोपीवर येईतो काळोख झालेला असतो. पाचटाच्या कोपीसमोर चूल पेटलेली, बाजरीच्या भाकरी थापणं चाललेलं. आम्ही टाळ आणि खंजिरी नेतो, रेव्हरंड ना. वा. टिळकांचे ख्रिस्ती अभंग म्हणतो, एखादा लहान उतारा वाचतो. प्रार्थनेला काय मागू म्हणून विचारलं की बाया आधी मुकादमाचं नाव घेत नाहीत, पैशाचंही घेत नाहीत. "पोरीला शाळेत ठेवून आलेय, तिच्यासाठी मागा." "कमरेसाठी मागा." एकदा एका बाईनं निघताना पदराच्या गाठीतली वीसची नोट सोडून माझ्या हातात ठेवली. "देवळासाठी." तिचं नाव वहीत थकलेल्यांत होतं.

गरीब विधवेनं मंदिराच्या दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे दोन बारीक नाण्यांवर, आपण सगळ्यांनीच उपदेश ऐकलाय. मार्कच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय. तिनं आपली सगळी उपजीविका भांडारात टाकली, तुम्हीही तसं द्या. पण हा उतारा एक्केचाळिसाव्या ओवीपासून न वाचता अडतिसाव्यापासून वाचून बघा. प्रभू आधी शास्त्र्यांबद्दल बोलतो. लांब झगे घालून मिरवणारे, मेजवानीत मानाची जागा शोधणारे, देखाव्यासाठी लांबच लांब प्रार्थना करणारे आणि विधवांची घरं गिळणारे. त्याला लागूनच ती विधवा येते आणि शेवटच्या दोन टोल्या टाकते. पान उलटलं की तेराव्या अध्यायात एक शिष्य मंदिराचे चिरे किती मोठे म्हणून कौतुक करतो आणि प्रभू म्हणतो, यातला चिऱ्यावर चिरा राहणार नाही. विधवेचं कौतुक खरंच आहे, तिच्या विश्वासापुढे मी वाकतो. पण त्या उताऱ्यात झाडाझडती झालीय ती पेटी सांभाळणाऱ्यांची. दोन टोल्या घेऊन त्या व्यवस्थेनं त्या बाईचं पुढे काय केलं, हा प्रश्न आम्हा पाळकांना आणि कमिट्यांना आहे.

मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाचंही तसंच. तिसऱ्या अध्यायाची दहावी ओवी, सगळा दशमांश भांडारात आणा, ही देवळाच्या भिंतीवर रंगवलेली असते. पाचवी ओवी मी कुठल्या भिंतीवर पाहिली नाही. तिथे परमेश्वर म्हणतो की मजुराची मजुरी दाबणाऱ्यांविरुद्ध, विधवेला आणि अनाथाला छळणाऱ्यांविरुद्ध मी साक्ष द्यायला येतोय. आणि दशमांश जायचा कुठे? जुन्या करारातल्या "अनुवाद" या पुस्तकाचा चौदावा अध्याय काढा. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावाच्या वेशीत साठवायचा, लेव्यांसाठी (मंदिराची सेवा करणाऱ्या, स्वतःची जमीन नसलेल्या वंशासाठी), परक्यासाठी, अनाथासाठी आणि विधवेसाठी, त्यांनी पोटभर खावं म्हणून. म्हणजे ज्यांच्याकडून आपण वसुली करतोय, त्यांच्याच ताटाची ती तरतूद होती.

आपल्याच मातीतली गोष्ट सांगतो. अमेरिकन मराठी मिशननं 1831 मध्ये नगरला काम सुरू केलं. तिथल्या सुरुवातीच्या सभासदांत निराधारांच्या आश्रमातली म्हातारी, अपंग, कोणी नसलेली माणसं होती. आज नगरच्या मंडळ्यांना आपल्या इतिहासाचा अभिमान आहे, आणि तो असावाच. पण आजची आपली वही तेव्हा असती तर त्या पहिल्या सभासदांतल्या कितीजणांना माती मिळाली असती?

पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून मुली-बाया केडगावला आपल्या मुक्ती मिशनात आणल्या. तिथे प्रार्थना किती चालायची हे सगळे सांगतात. त्याच मुक्ती मिशनात विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, हातमाग चालले आणि बायांनी छापखान्यात खिळे जुळवले, हे तितकं सांगितलं जात नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर जोडप्यानं 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा शाळेचं तोंड न पाहिलेल्या गावच्या बायांना आरोग्याचं काम शिकवलं. ज्यांच्या हातचं पाणी घ्यायला गाव कचरत होतं, त्या बाया घरोघरी जाऊन बाळंतपणं सांभाळू लागल्या. सेवा करायची तर आधी दारात जावं लागतं. प्रार्थना आणि दान यांची सुरुवातही तिथेच होते, असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे.

आमच्याकडे आभारदानाची पाकिटं असतात. वर नाव, खाली "कारण" म्हणून एक ओळ. रविवारी दोघेजण मिळून पैसे मोजतात, वहीवर दोघांच्या सह्या होतात. रक्कम मला सांगायची नाही, असं मी खजिनदारांना बजावून ठेवलंय. कोण किती देतं हे पाळकाला कळलं की त्याचं बोलणं बदलतं, चहा कोणाच्या घरी घ्यायचा तेही बदलतं. पण रिकामी पाकिटं मी मागून घेतो. त्यावरची कारणं वाचतो. "सुनेची सुटका झाली, मुलगी." "बोअरला पाणी लागलं." "नातू दहावी पास." "बाबा दवाखान्यातून घरी आले." एका आजीच्या पाकिटावर नेहमी एकच असतं: "बरं चाललंय." माझी आठवड्याची प्रार्थना या पाकिटांवरून ठरते आणि भेटीही ठरतात. ज्या घरातून बरेच दिवस पाकीट आलं नाही, तिथे आधी जायचं. तिथे बहुतेक वेळा आजारपण निघतं, नाहीतर कर्ज, नाहीतर भावाभावांतला अबोला. वर्गणीचा विषय मी त्या भेटीत काढत नाही.

मोबाइलवर हल्ली "विशेष प्रार्थने"खाली क्यूआर कोड असतो. अमुक रकमेला अमुक आशीर्वाद. शिमोनानं पैसे देऊन पवित्र आत्म्याचं दान विकत मागितलं, तेव्हा पेत्रानं त्याला काय सुनावलं ते "प्रेषितांची कृत्ये" या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आहे. याकोबानं आजाऱ्यासाठी वडिलांना बोलवा, ते तेल लावून प्रार्थना करतील असं लिहिलंय, फी लिहिलेली नाही. आमच्या मंडळीतल्या कोणाला प्रार्थना हवी असेल तर मला हाक मारा. रात्री दोन वाजताही मारा.

आणि हिशोब. पौल यरुशलेमेतल्या गरिबांसाठी मदत गोळा करत होता तेव्हा तो एकटा पिशवी घेऊन निघाला नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला आणि कारणही लिहून ठेवलं: कोणी आम्हाला दोष लावू नये, प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही चोख असावं. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय. प्रेषिताला हिशोबाची लाज वाटली नाही, तर आपल्याला का वाटावी? "संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो" ही ओवी पुढच्याच अध्यायात आहे. हिशोब भिंतीवर लागला की देणाऱ्याच्या मनातली शंका जाते, मग संतोष यायला जागा होते.

आमच्या वार्षिक सभेत आम्ही हे ठराव केले. माती, बाप्तिस्मा, लग्नाची चिठ्ठी आणि प्रभुभोजन यांसाठी वर्गणीची वही उघडायची नाही. वर्गणी फक्त मतदानापुरती पाहायची (मला तीही अट नको होती, पण सभेनं ठरवलं ते मान्य). ऊसतोडीला गेलेल्यांनी परत आल्यावर जमेल तसं द्यावं, नाही जमलं तर कमिटीनं न बोलता सोडून द्यावं. दर महिन्याचा जमाखर्च देवळाच्या दारावर लावायचा. जमेतला दहावा हिस्सा इतर कुठल्याही खर्चाआधी मदतीसाठी बाजूला काढायचा. व्यासपीठावरून देणगीदारांची नावं रकमेसकट वाचायची नाहीत.

पहिल्या वर्षी जमा घटली. खजिनदार काळजीत होते, मीही होतो. नंतर ती हळूहळू सावरली, पण पूर्वीइतकी झाली असं मी म्हणणार नाही. देवळाच्या मागच्या बाजूचे पत्रे अजून बदलायचे राहिलेत, पावसात तिथे बादली ठेवतो. पण त्या वर्षापासून आमच्या कबरस्तानात कोणाचीही माती पावतीसाठी खोळंबलेली नाही.

तुमच्या मंडळीची वार्षिक सभा जवळ आली असेल तर हा विषय अजेंड्यावर घ्या. अर्ज आठवडाभर आधी सेक्रेटरींकडे द्यावा लागतो, शेवटच्या क्षणी उभं राहून बोललात तर "इतर विषयांत" जातो आणि तिथेच राहतो. आमच्या ठरावांचा मजकूर हवा असेल तर मला मेसेज करा, फोटो काढून पाठवतो.

जय ख्रिस्त.