नीट ठेवलेली जॅग्वार विकणे आहे

इंग्लंडात जुनी गाडी विकायला काढली की ती बघायला येणाऱ्या निम्म्या लोकांना गाडी घ्यायचीच नसते, हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर एवढी बिस्किटं आणून ठेवली नसती मी.

गाडी म्हणजे १९८४ची जॅग्वार एक्सजे६, ४.२ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, रंग गडद हिरवा, आत लेदर आणि अक्रोडाचं लाकूड. ती आमच्या गॅरेजमध्ये राहते. रोज ऑफिसला नेणारी बिचारी दुसरी गाडी बाहेर पावसात उभी. आणि आम्ही राहतो कुठे तर कॉव्हेंट्रीत, म्हणजे ब्राउन्स लेनच्या ज्या कारखान्यात ही बनली त्याच गावात. तिथलं गाड्या बनवणं २००५मध्ये बंद झालं पण गावात अजून ज्याला त्याला वाटतं की आपल्याला जॅग्वारमधलं कळतं, आणि वाईट म्हणजे बऱ्याच जणांना खरंच कळतं.

जाहिरात मी लिहिली. ‘नीट ठेवलेली, सगळी बिलं आहेत.’ संपलं. नवऱ्याने वाचली आणि म्हणाला, अगं हे फसवल्यासारखं होईल, मागच्या चाकाच्या वरच्या पत्र्यावर गंजाचा ठिपका आहे तो कुठे लिहिलायस. तो ठिपका मला दिसला, म्हणजे चष्मा लावून, टॉर्च मारून, त्याने बरोबर तिथे बोट ठेवल्यावर. लिहिला. मग घड्याळ थंडीत मागे पडतं ते लिहिलं, मग ड्रायव्हरच्या सीटची शिवण, मग मागच्या काचेची रबरपट्टी, असं करत करत जाहिरात हॉस्पिटलच्या डिस्चार्ज समरीसारखी दिसायला लागली. नवरा मात्र खूश. म्हणे आता बरोबर माणूस येईल.

बिलांच्या फायलींबद्दल थोडं सांगते. त्या जाड आहेत. एकदा मी बेरीज करायला बसले तर याने स्वतःहून चहा करून आणला, आलं घालून, त्यावरून आकडा समजून घ्या.

पहिला जो आला त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं. इथे रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, त्याने पत्रा खालून सडतो, आणि काही हुशार लोक भोकात पुटी भरून वरून रंग मारतात, पुटीला चुंबक चिकटत नाही. तर हा सगळ्या गाडीवरून चुंबक फिरवतोय, सगळीकडे टकाटक चिकटतंय, माणूस खिशात हात घालायच्या बेतात, आणि आमचा राजा हरिश्चंद्र म्हणाला, ‘जरा खाली, दाराच्या खालच्या सिलला लावून बघा, अगदी मागच्या टोकाला.’ तिथे घसरलं. माणूस बिस्किट खाऊन गेला.

नंतर एक जोडपं आलं, छान तरुण, त्यांना ही लग्नांना भाड्याने द्यायची होती. नवऱ्याने हे हसून घेतलं. मग मुलीने विचारलं की पांढरा रंग मारता येईल ना हिला. ‘सॉरी, विकली गेली,’ हा म्हणाला. गाडी समोर उभी, चावी याच्या हातात.

ॲव्हरेज सगळेच विचारतात. सांगते: गॅलनला सोळा मैल, म्हणजे लिटरला पावणेसहा किलोमीटरच्या आत. टाक्या दोन, मागे दोन्ही बाजूंना एकेक झाकण, म्हणजे पंपावर एक बाजू भरायची, मग दुसऱ्या बाजूला पाइप ओढत न्यायचा, मागची लाइन आपल्याकडे बघत असते तेव्हा मी मोबाइलमध्ये तोंड घालून बसते. त्यात इथलं साधं पेट्रोल २०२१पासून ई१० झालं, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ते जुन्या रबराला सोसत नाही, म्हणून बाईसाहेबांना महागातलं ई५. आणि गंमत अशी की चाळीस वर्षं उलटली म्हणून तिला रोड टॅक्स माफ, एमओटीची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची दरवर्षीची तपासणी सक्तीची नाही (हा तरी नेतो, सर्टिफिकेट फ्रेम करत नाही एवढंच), आणि बर्मिंगहॅमच्या क्लीन एअर झोनमध्ये, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना पैसे पडतात त्या भागात, शेजाऱ्यांची जुनी डिझेल हॅचबॅक दिवसाला ८ पौंड भरते तिथे ही धूर सोडत फुकट फिरते. ऐतिहासिक म्हणे. मीही पन्नाशीला आलेय, मला कोणी काही माफ केलेलं नाही.

आमचे चेहरे बघून प्रत्येक गिऱ्हाईक एक वाक्य टाकतंच, ‘आता कंपनी तुमच्याच लोकांची ना!’ सासरे पिंपरीला टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये होते, त्यामुळे २००८मध्ये टाटांनी फोर्डकडून जॅग्वार घेतली तेव्हा घरात पेढे वाटले गेले होते. गाडी विकतोय कळल्यावर सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, ‘टाटांची वस्तू आहे रे, परक्याला कशाला देता?’ मी म्हटलं, आई, ही ८४ची आहे, तेव्हा टाटांचा काही संबंध नव्हता. त्या म्हणाल्या, ‘आता आहे ना.’ नवरा लगेच, बघ.

सगळ्यात वाट लावली ती एका आजोबांनी. ब्राउन्स लेनला गाड्यांच्या आतलं लेदरकाम करायचे. इंजिनकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, मागच्या दाराच्या आतल्या बाजूवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘हा तुकडा आमचा नाही, नंतर कुणीतरी बसवलाय.’ नवऱ्याचा चेहरा उतरला. आजोबा चहा पिऊन, उरलेली बिस्किटं संपवून, घेणार वगैरे नाही मी, नुसता भेटायला आलो होतो म्हणून गेले. त्याच रात्री मूळ लेदरचा तुकडा शोधून ऑर्डर झाला, आणि हात लागलाच आहे तर म्हणून ते चुंबकवाल्याने दाखवलेलं, म्हणजे यानेच दाखवलेलं, सिलचं वेल्डिंगही.

मी म्हटलं, अरे, एवढे लोक येऊन गेले, आता जरा किंमतीचं बघ. बघतो म्हणाला. बसून शांतपणे नवी बिलं फायलीला लावली, जाहिरात उघडली आणि किंमत साडेसातशे पौंडांनी वाढवली.